जीभ, डोळे, भेजा आणि इंटरनेट

जत तालुक्यात, कर्नाटकच्या हद्दीला लागून असलेल्या एका माध्यमिक शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीत समन्वयाचा भाग येतो. चेतापेशी, प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मेरुरज्जू. आकृती काढा, भागांना नावं द्या, पुढच्या धड्याकडे चला. प्रयोगशाळेतल्या कपाटात मेंदूचा प्लॅस्टरचा एक नमुना आहे, त्याचा अनुमस्तिष्काचा तुकडा माझ्या आधीच्या बाईंच्या काळातच हरवलेला. त्यामुळे मोबाइलवर इंटरनेट आलं तेव्हा मी हावरटासारखी मेंदूवरची पानं आणि व्हिडिओ गोळा करत सुटले. त्यातलं बरंच पुढे गळून गेलं. उरलं त्याला एक चाळणी लागली होती: वाचून झाल्यावर मूल पडद्यासमोरून उठून स्वतःच्या डोळ्यावर, कानावर, कातडीवर काही करून बघू शकतं का? मेंदू आणि ज्ञानेंद्रियं हा असा विषय आहे की त्याचं सगळं साहित्य प्रत्येक मूल शाळेत येताना सोबत घेऊन येतं. त्याच्यासाठी व्हिडिओ लावून बसायचं म्हणजे जरा विचित्रच.

१. साध्या दिसणाऱ्या पानाला नाकं मुरडू नयेत

सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले एरिक चडलर १९९६ पासून ‘न्यूरोसायन्स फॉर किड्स’ नावाचं संकेतस्थळ चालवत आले आहेत. दिसायला अगदी जुनाट. मजकूर, छोटी चित्रं, निळ्या दुव्यांच्या रांगा. पण आमच्याकडे वीज गेली, टॉवर अर्धमेला झाला, तरी हे पान उघडतं. भारी ॲनिमेशनवाल्या साइटवर तेवढ्या वेळात नुसतं चाक फिरत राहतं.

आणि आत माल आहे. प्रत्येक इंद्रियासाठी घरातल्या वस्तूंनी करायचे प्रयोग आहेत. मेंदूचा नमुना करायची तिथली एक कृती मला फार आवडते: बटाट्याची सुकी पूड, वाळू आणि गरम पाणी एका मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मळायचं, की माणसाच्या मेंदूच्या वजनाचा, साधारण तेवढाच मऊ गोळा हाती येतो. बटाट्याची पूड जतच्या बाजारात कोण ठेवतंय? आम्ही ज्वारीचं पीठ आणि ओढ्यातली चाळलेली वाळू घेतली, तराजूवर एक किलो साडेतीनशे ग्रॅमला आणली आणि पिशवी वर्गात फिरवली. ज्या मुलांनी ‘मेंदूचे वजन सुमारे १३०० ते १४०० ग्रॅम असते’ हे वाक्य पाठ केलं होतं, त्यांना तो गोळा दोन्ही हातांत घेतल्यावर खाली ठेववेना. “एवढं जड डोक्यात घेऊन फिरतो व्हय आपण?”

अमेरिकेतली कृती जशीच्या तशी करायला गेलं की सामानाच्या यादीपाशीच गाडी अडते. साहित्य कशासाठी आहे ते आधी समजून घ्यायचं. तिथे बटाटा लागतो तो मऊपणासाठी, वाळू वजनासाठी. एवढं कळलं की यादी आपल्या दुकानातून भरता येते.

मार्च महिन्यात जगभर ‘ब्रेन अवेअरनेस वीक’ साजरा होतो, त्याचंही पुष्कळ साहित्य फुकट मिळतं. आमच्याकडे मार्च म्हणजे दहावीची परीक्षा. आम्ही तो आठवडा पावसाळ्यात करतो.

२. अंधबिंदू कागदावर दाखवावा

डोळ्यातून मेंदूकडे जाणारी चेता दृष्टिपटलाच्या ज्या जागेतून बाहेर पडते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नसतात. १६६० च्या दशकात फ्रान्समधल्या एद्म मॅरियटनं हे दाखवून दिलं. इंटरनेटवर त्याची शेकडो चित्रं सापडतात: डावीकडे फुली, उजवीकडे ठिपका. डावा डोळा मिटा, उजव्यानं फुलीकडे बघा, पडदा हळूहळू जवळ आणा, ठिपका गायब.

पडद्यावर हे बहुतेक वेळा फसतं, आणि त्याचं कारण साधं भूमितीचं आहे. अंधबिंदू नजरेच्या मध्यापासून कानाच्या बाजूला सुमारे १५ अंशांवर असतो. म्हणजे फुली आणि ठिपका यांत ८ सेंटिमीटर अंतर असेल तर ठिपका ३० सेंटिमीटरवर, एका फूटपट्टीच्या अंतरावर, नाहीसा होतो. मोबाइलच्या उभ्या पडद्यावर तेच चित्र आक्रसून ४ सेंटिमीटरचं झालं, तर डोळा पडद्यापासून १५ सेंटिमीटरवर न्यावा लागतो. मुलांना तेवढ्या जवळचं स्पष्ट दिसतं. चाळिशी लागलेल्या बाईंना दिसत नाही, मग बाई म्हणतात प्रयोग चुकला. प्रोजेक्टरवर वेगळीच गंमत. भिंतीवर दोघांत दीड मीटर अंतर ठेवलं तर ठिपका साडेपाच मीटरवरच्या बाकांवर जातो आणि पहिल्या रांगेतली पोरं ‘आम्हाला दिसतोय’ म्हणून गलका करतात.

म्हणून वहीचा कोरा कागद. प्रत्येकानं स्वतः काढायचा, अंतर स्वतः मोजायचं. ठिपका गेला की लगेच पुढची पायरी: त्याच ठिपक्यातून आरपार जाणारी एक आडवी रेघ ओढा आणि पुन्हा बघा. ठिपका जातो, रेघ मात्र सलग दिसते! दिसत नाही तिथे मेंदू आजूबाजूच्यावरून अंदाज करून भरून टाकतो. इथे वर्ग एकदम गप्प होतो आणि मग कोणीतरी विचारतं, “मग बाई, बाकीचं जे दिसतंय त्यातलं किती खरं?” हा प्रश्न आला की मी गणिताच्या सरांचा तास मागून घेते.

तेवढ्यात ऑक्टोपसची गोष्टही सांगून घ्यावी. त्याच्या डोळ्यात चेतातंतू दृष्टिपटलाच्या मागून निघतात, त्यामुळे त्याला अंधबिंदूच नाही.

३. रंग-शब्दांचा खेळ मुलं जी लिपी वाचतात तिच्यात करावा

जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९३५ साली छापलेला प्रयोग आज इंटरनेटवर खेळ म्हणून पसरलेला आहे. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत लिहिलेला असतो, शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. जीभ अडखळते, वेळ वाढतो, हसू येतं.

मराठी माध्यमाच्या पाचवीत इंग्रजी शब्दांचा हा खेळ पडद्यावर लावून बघा. पोरं भराभर रंग सांगत सुटतात, कोणी अडखळत नाही, आणि शिक्षक गोंधळात. पण यातच खरा धडा आहे. अडथळा येतो तो वाचन आपोआप होतं म्हणून. ‘ग्रीन’ अजून अक्षरं जुळवत वाचणाऱ्या मुलाला तो शब्द आडवा येतच नाही. देवनागरीत तक्ता केला की हीच मुलं तिसऱ्या शब्दाला थबकतात. पहिलीच्या वर्गात, जूनमध्ये, देवनागरी तक्त्यालाही कोणी अडखळत नाही. मार्चमध्ये अडखळायला लागतात. वाचता येऊ लागल्याची यापेक्षा प्रामाणिक चाचणी मला तरी माहीत नाही.

आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी कन्नड बोलतात, शाळा मराठी. शेजारीच कन्नड माध्यमाची शाळा आहे. इंग्रजी, मराठी आणि कन्नड असे तिन्ही तक्ते करून आम्ही दोन्ही शाळांत फिरवले. घरी कन्नड बोलणाऱ्या पण कन्नड अक्षर न शिकलेल्या मुलीला कन्नड लिपीतला तक्ता जराही अडवत नाही, देवनागरी अडवतो. मग तिला सांगायचं, देवनागरी तक्ता बघ आणि रंगाचं नाव कन्नडमध्ये सांग: केंपु, हसिरु, नीली. अडखळणं कमी होतं, जात मात्र नाही. दोन भाषा येणाऱ्या लोकांवर संशोधकांनी केलेल्या प्रयोगांतही असंच दिसलेलं आहे. हद्दीवरच्या शाळेला यासाठी परदेशी साइटवर अवलंबून राहायची गरज नाही. साहित्य आपल्याकडे जास्त आहे.

तक्ता करताना पिवळं स्केचपेन वापरू नये, मागच्या बाकावरून दिसत नाही. केशरी घ्यावं. तक्ता उलटा धरला की खेळ सोपा होतो, हे मुलांना स्वतः शोधू द्यावं.

४. जिभेचा नकाशा दाखवणारी साइट बाकीच्या बाबतीतही दोनदा तपासावी

टोकाला गोड, कडेला खारट-आंबट, मागे कडू. हा रंगीत नकाशा अजून कितीतरी शैक्षणिक पानांवर आणि व्हिडिओंत आहे. त्याचं मूळ १९०१ साली जर्मनीत डी. पी. हेनिगनं केलेल्या मोजमापात आहे. त्याला जिभेच्या वेगवेगळ्या भागांच्या संवेदनशीलतेत थोडे फरक दिसले होते. १९४२ साली हार्वर्डच्या एडविन बोरिंगनं आपल्या पुस्तकात त्या आकड्यांचा आलेख अशा रीतीनं दिला की फरक फार मोठे वाटावेत. पुढच्यांनी तर थेट हद्दीच आखून टाकल्या.

खोडून काढायला प्रयोगशाळा लागत नाही. गुळाचं पाणी, मिठाचं पाणी, चिंचेचं पाणी, कारल्याचा पातळ रस. प्रत्येकाचे आपापले कापसाचे बोळे, एकाचा दुसऱ्याला नाही, आणि मध्ये चूळ. सगळ्या चवी टोकालाही कळतात, कडेलाही कळतात. जिभेच्या मधोमध मात्र जरा कमी, कारण तिथे चवीच्या कळ्या विरळ असतात.

मग तिखटाचा प्रश्न निघतोच. आमच्याकडे ठेचा म्हणजे जेवणाचा पाया, आणि घरी आजीनं षड्रसांत तिखट मोजलेलं असतं. इथे नोबेल पारितोषिकाच्या संकेतस्थळासारखा आधार दुसरा नाही. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापुटियन यांना मिळालं ते याच शोधांसाठी. मिरचीतलं कॅप्सायसिन चवीच्या कळ्यांना बोलवत नाही. ते टीआरपीव्ही-१ नावाच्या ग्राहीवर जाऊन बसतं, आणि हा ग्राही एरवी ४३ अंश सेल्सियसच्या वरची, भाजेल अशी उष्णता जाणवून देणारा. म्हणजे ठेचा खाल्ल्यावर ‘तोंड भाजलं’ असं म्हणतो ते मेंदूच्या हिशेबानं अगदी खरं असतं. पुदिन्याचं उलट, त्यातलं मेंथॉल थंडीच्या ग्राहीला उठवतं. हे सांगितल्यावर एका मुलानं विचारलं, “मग मिरची कांडताना हात का भगभगतात?” ग्राही कातडीतही असतात, म्हणून. हाताला जीभ नसते. त्यानं दुसऱ्या दिवशी आईला समजावून सांगितलं आणि आईनं त्याला मिरच्या कांडायला बसवलं.

नोबेलच्या साइटवर दरवर्षीच्या शोधाची सर्वसामान्यांसाठी सोपी माहिती आणि चित्रं असतात. इंग्रजी जरा जड आहे, पण चित्र फळ्यावर उतरवून घेता येतं.

५. आकडा कधीचा आहे ते बघावं

मेंदूत दहा हजार कोटी चेतापेशी असतात असं पुष्कळ पानं सांगतात. हा गोल आकडा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांनी मेंदूच्या ऊतीचं द्रावण करून त्यातली केंद्रकं मोजण्याची पद्धत काढली, आणि २००९ मध्ये त्यांच्या गटानं आकडा दिला सुमारे ८,६०० कोटी. त्यातल्या साधारण ६,९०० कोटी एकट्या अनुमस्तिष्कात. आमच्या प्लॅस्टरच्या नमुन्यातला नेमका तोच तुकडा हरवलेला आहे, हे मुलांनी लगेच माझ्या लक्षात आणून दिलं.

शिक्षकानं स्वतःची तयारी करायची असेल तर अमेरिकेच्या सोसायटी फॉर न्यूरोसायन्सचं ‘ब्रेनफॅक्ट्स’ आणि मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातलं ‘द ब्रेन फ्रॉम टॉप टू बॉटम’ ही दोन ठिकाणं. दुसऱ्यात प्रत्येक विषय तीन पायऱ्यांवर लिहिलेला आहे: सुरुवातीचा, मधला, पुढचा. मी अजूनही मधल्या पायरीवरच असते.

६. कानाचा व्हिडिओ लावण्याआधी स्पीकरवर शंका घ्यावी

‘तुमच्या कानाचं वय ओळखा’ अशा नावाचे व्हिडिओ मुलं फार आवडीनं आणतात. वय वाढलं की बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात हे खरं आहे. पण दाबून लहान केलेल्या ध्वनिफितीत १६ किलोहर्ट्झच्या वरचा भाग बहुधा छाटलेला असतो, आणि मोबाइलच्या स्पीकरचा भरवसा नाही. मुख्याध्यापकांना ऐकू आलं नाही म्हणून पोरं हसतात, तेव्हा आवाज मुळात निघालाच नसेल ही शक्यता असते. स्वर निर्माण करणारं साधं ॲप त्यापेक्षा बरं. आवाज वाढवू नये, इअरफोन तर नकोच.

७. मोबाइलचा पडदा हेच रंगाचं उत्तम उपकरण

पडद्यावर पांढरा भाग आणा. बोट ओलं करून पाण्याचा एक बारीक थेंब त्यावर टेकवा. थेंब भिंगाचं काम करतो आणि त्यातून लाल, हिरवे, निळे कण दिसतात. पांढरा कुठेच नाही. मग पिवळं चित्र आणा: लाल आणि हिरवे जळताहेत, निळे विझलेले. चित्रकलेच्या तासाला लाल-हिरवा कालवून चिखल करणाऱ्या मुलांना हे पटत नाही, पटेपर्यंत सगळ्यांचे मोबाइल ओले होतात. त्यानंतर कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पातलं रंगदृष्टीचं सिम्युलेशन उघडावं. कार्ल वीमन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञानं २००२ मध्ये हा प्रकल्प सुरू केला. त्यातली कित्येक सिम्युलेशन मराठीत मिळतात आणि उतरवून घेतली की इंटरनेटशिवाय चालतात. थेंब आधी, सिम्युलेशन नंतर. क्रम उलटला की मुलं त्याला नुसता खेळ समजतात.

याच विषयात एक जागा नाजूक आहे. तोक्योच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ मध्ये काढलेल्या ठिपक्यांच्या पाट्या इंटरनेटवर सहज मिळतात, आणि उत्साही शिक्षक त्या भर वर्गात लावतात. अख्खा वर्ग ‘चौऱ्याहत्तर!’ ओरडतो आणि एक मुलगा गप्प बसतो. लाल-हिरव्यातला फरक न कळण्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे मुलग्यांत तो बराच जास्त. पन्नास मुलांच्या वर्गात असा एखादा असणं अजिबात नवलाचं नाही. आणि बहुतेकदा त्याला स्वतःला ते माहीत नसतं.

मी ही पाटी वर्गात लावत नाही. चित्रकलेच्या सरांना विचारते, पानं तपकिरी रंगवणारा कोण आहे म्हणून. एकदा असा एक मुलगा निघाला. पडदा काही निदान करत नाही. उजेड कमी-जास्त असतो, कोणाच्या मोबाइलवर रात्रीचा पिवळा पडदा चालू असतो. त्यामुळे त्याला आणि वडलांना बाजूला घेऊन मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन यायला सांगितलं. वडलांचा पहिला प्रश्न होता, पोलीस भरतीचं काय? आमच्या गावातली निम्मी पोरं पहाटे भरतीसाठी पळतात, आणि सैन्य, पोलीस, रेल्वेचे चालक अशा जागांना रंगदृष्टी तपासतात. हे एकविसाव्या वर्षी मैदानावर कळण्यापेक्षा चौदाव्या वर्षी कळलं तर वेगळी वाट धरायला वेळ मिळतो. तो मुलगा पुढे पशुवैद्यकाच्या पदविकेला गेला.

८. आवडलेला प्रयोग त्याच दिवशी वहीत उतरवावा

३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश या सॉफ्टवेअरचा आधार संपला आणि त्यावर चालणारे मेंदूचे कितीतरी खेळ मुके झाले. नोबेलच्या साइटवर पावलॉव्हच्या कुत्र्याचा आणि दुभंगलेल्या मेंदूचा असे छान खेळ होते, तेही गेले. जुनी पानं इंटरनेट अर्काइव्हवर शोधून वाचता येतात, पण खेळ चालेलच असं नाही. माझ्या वहीत साहित्य, अंतर, किती मुलं, कुठे अडतं, एवढं लिहिलेलं असतं. तिला चार्जिंग लागत नाही.

९. ‘मिडब्रेन’चा व्हिडिओ आला की वर्गात रुमाल काढावा

मेंदूच्या नावानं सर्वांत जास्त पाहिलं जाणारं साहित्य शाळेतून येत नाही, ते पालकांच्या व्हॉट्सॲपवर येतं. माणूस मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो. डाव्या मेंदूची मुलं गणितात हुशार, उजव्या मेंदूची चित्रात. पहिलं साफ खोटं आहे, मेंदूचा न वापरलेला नव्वद टक्के कोपरा कुठल्याही स्कॅनमध्ये सापडलेला नाही. दुसऱ्याचं मूळ मात्र खऱ्या विज्ञानात आहे. रॉजर स्पेरींना १९८१ चं नोबेल मिळालं ते दोन गोलार्धांच्या वेगवेगळ्या कामांबद्दलच्या संशोधनासाठी. पण त्यांचे रुग्ण असे होते की अपस्माराच्या उपचारासाठी त्यांच्या दोन्ही गोलार्धांना जोडणारा पूल शस्त्रक्रियेनं कापलेला होता. आपला पूल शाबूत आहे. त्यावरून मुलांच्या दोन जाती पाडणं म्हणजे निव्वळ धंदा.

तिसरा प्रकार जास्त महागात पडतो. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलगी कागदावर बोट फिरवते आणि रंग सांगते, पुस्तक वाचते, सायकल चालवते. ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’. तालुक्याच्या गावी असा एक वर्ग निघाला आणि माझ्या वर्गातल्या एका मुलीची आई व्हिडिओ घेऊन आली. फी शेतमजुराच्या महिन्याच्या कमाईएवढी. “बाई, घालू का हिला?”

मध्यमस्तिष्क म्हणजे मेंदूच्या देठाचा वरचा, जेमतेम दोन सेंटिमीटरचा भाग. डोळ्यांची हालचाल, आवाजाकडे मान वळणं, जागं राहणं, यांत त्याचा हात असतो. तो बंद असता तर मुलगी आईबरोबर चालत शाळेपर्यंत आलीच नसती. हे मी सांगितलं, पण सांगून पटत नाही, कारण व्हिडिओत डोळ्यांना दिसलेलं असतं. मग आईला वर्गातच बसवलं आणि मुलांना रुमाल वाटले. एकमेकांच्या डोळ्यांवर घट्ट बांधा आणि पुस्तक वाचायचा प्रयत्न करा. तास संपायच्या आत बहुतेकांना नाकाच्या दोन्ही बाजूंची फट सापडली. नाक वर उचललेलं असतं तिथे कुठलीही पट्टी नीट बसत नाही, त्या फटीतून खाली मांडीवर धरलेलं पान छान वाचता येतं. पुढची पायरी मुलांनीच काढली: पुस्तक कपाळाच्या वर धरायचं. नाहीतर हनुवटीखाली पुठ्ठा धरायचा. वाचन बंद. मंगळुरूचे विवेकवादी नरेंद्र नायक यांनी असल्या दाव्यांविरुद्ध जाहीर आव्हानं दिली ती याच मुद्द्यावर. त्यांची माहिती इंटरनेटवर आहे, तीही पालकांना पाठवावी. खोटा व्हिडिओ ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं उत्तर परत गेलेलं बरं.

वाईट याचं वाटतं की ‘मिडब्रेन’च्या वर्गातली मुलं काही बुद्दू नसतात. फटीतून बघायचं, ते लपवायचं, आणि मोठ्यांना आनंद झालेला पाहून गप्प राहायचं, हे सगळं ती न शिकवता शिकतात.

१०. पाचावर थांबू नये

पुस्तकात ज्ञानेंद्रियं पाच. डोळे मिटून नाकाच्या शेंड्याला बोट लावता येतं ते यांतल्या कुठल्या इंद्रियानं? यांतल्या कुठल्याच नाही, स्नायू आणि सांध्यांतून येणाऱ्या माहितीवर. आणि तोल? परदेशी साइटवर तोलाच्या प्रयोगासाठी फिरती खुर्ची सांगतात. आमच्या मुली म्हणाल्या, खुर्ची कशाला, फुगडी आहे की.

आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात, त्यांत द्रव असतो. फुगडी थांबली तरी द्रव थोडा वेळ फिरत राहतो आणि मेंदूला कळवत राहतो की आपण फिरतोय. त्या खोट्या जाणिवेमुळे डोळे हळूहळू एका बाजूला सरकतात आणि झटक्यानं परत येतात. आणि इथे मोबाइल खरा कामाला येतो. फुगडी थांबताच मैत्रिणीच्या डोळ्यांचं स्लो मोशनमध्ये चित्रण करायचं. बुबुळं झटके घेताना स्पष्ट दिसतात. मोकळं मैदान लागतं, आणि दोघी पडल्या तर धरायला बाजूला दोघी. तशाच प्रकारे डोळ्यातली बाहुली लहान होतानाही टिपता येते, पण डोळ्यात टॉर्च मारायचा नाही. डोळ्यांवर हात ठेवून दारातल्या उजेडात काढून घेतला की पुरे.

स्पर्शासाठी यू-पिन सरळ करून दोन टोकं मिलिमीटरमध्ये मोजून टेकवायची. बोटाच्या शेंड्याला दोनतीन मिलिमीटरवरची टोकंही वेगळी कळतात, हाताच्या कोपरापुढच्या भागावर तीनचार सेंटिमीटर लागतात. ब्रेल लिपीतले ठिपके एकमेकांपासून सुमारे अडीच मिलिमीटरवर का असतात, ते मग वेगळं सांगावं लागत नाही.

११. भेजा मागवताना खाटकाला आधी सांगावं

अमेरिकेतल्या स्क्रॅन्टन विद्यापीठानं मेंढीच्या मेंदूच्या विच्छेदनाची सचित्र मार्गदर्शिका इंटरनेटवर ठेवली आहे. ती बघताना लक्षात आलं की आपल्या बाजारात बकऱ्याचा भेजा तर दर रविवारी मिळतो. शंभर-सव्वाशे ग्रॅमचा, पण घड्या, गोलार्ध, देठ, सगळं आपल्यासारखं. अडचण एकच: खाटीक कवटी फोडताना मागचा अनुमस्तिष्काचा भाग चेंदून टाकतो, कारण गिऱ्हाइकाला त्याचं काही नसतं. आमच्या खाटीकमामांना चित्र दाखवलं, तेव्हापासून ते शाळेसाठी वेगळा, सावकाश काढून देतात. “मास्तरणीचा भेजा” अशी त्याची दुकानात ओळख आहे.

कच्चा भेजा इतका मऊ असतो की हातात धरताच पसरतो. मिठाच्या पाण्यात हलकी उकळी दिली की घट्ट होतो आणि स्टीलच्या सुरीनं नीट कापता येतो. हातमोजे, खाली जुनं वर्तमानपत्र, नंतर साबणानं हात, आणि प्रयोगाचा भेजा कोणी घरी न्यायचा नाही. शिपाईमामा दरवर्षी विचारतात. मधोमध कापल्यावर दोन गोलार्धांमधला पांढरा पूल दिसतो, ज्याच्याबद्दल स्पेरींच्या गोष्टीत ऐकलेलं असतं. अनुमस्तिष्क कापलं की आत झाडासारखी पांढरी नक्षी निघते, आणि त्या वेळी मागच्या बाकावरचेही पुढे येतात.

आदल्या दिवशी पालकांची चिठ्ठी मागवते. माळकऱ्यांच्या, लिंगायतांच्या, जैनांच्या घरातली मुलं वर्गात असतात, काहींना नुसता वासही नको असतो. ती शेजारच्या खोलीत बसतात आणि संगणकावर स्क्रॅन्टनची छायाचित्रं बघून तेच भाग ओळखतात, त्याच क्रमानं. गेल्या वर्षी भागांची नावं त्यांचीच जास्त बरोबर आली.